एकाच प्लेअरचे चित्र दोन पडद्यांवर: स्प्लिटर लावल्यावर ४के आणि एचडीआर का जाते?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत ४के टीव्ही आहे आणि त्यावर एचडीआर (उजेड-अंधार आणि रंगांचा जास्त पल्ला दाखवणारे चित्र) व त्याचाच एक प्रकार असलेले डॉल्बी व्हिजन दोन्ही चालते. आतल्या खोलीत छताला एक जुना प्रोजेक्टर बसवलेला आहे. तो १०८०पी चित्र दाखवतो, एचडीआर त्याला कळत नाही. घरातला एकच स्ट्रीमिंग प्लेअर आणि एकच सेट-टॉप बॉक्स या दोन्ही पडद्यांना पुरवता यावा अशी इच्छा आहे, म्हणजे एखादा सामना असला की मंडळी दोन्ही खोल्यांत बसून पाहू शकतील आणि चित्रपट मात्र कधी टीव्हीवर, कधी प्रोजेक्टरवर लावता येईल.

त्यासाठी एक इनपुट आणि दोन आउटपुट असलेला एचडीएमआय स्प्लिटर आणला. चित्र दोन्हीकडे येते, परंतु काही गोष्टी खटकतात. प्लेअर टीव्हीला थेट जोडला तर ४के आणि एचडीआर मिळते. तोच स्प्लिटरमधून जोडला की १०८०पीवर उतरतो आणि एचडीआर नाहीसे होते. टीव्हीला जोडलेल्या साउंडबारवर एरवी येणारा ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा सराउंड आवाज साधा दोन वाहिन्यांचा स्टिरिओ होतो. शिवाय आत कोणी प्रोजेक्टर चालू केला की बाहेरच्या टीव्हीचे चित्र काही क्षण काळे होऊन परत येते.

स्प्लिटरच्या खोक्यावर ४के असे ठळक छापलेले आहे, त्यामुळे दोष नेमका स्प्लिटरचा, केबलचा की या जोडणीतच काही मूलभूत अडचण आहे, हे कळत नाही. प्रोजेक्टरपर्यंतचे अंतर भिंतीच्या कडेने सुमारे १५ मीटर भरते आणि सध्या तिथे एक लांब एचडीएमआय केबल तात्पुरती जमिनीवरून नेली आहे. नवीन काही विकत घेण्यापूर्वी कारण समजून घ्यायचे आहे, म्हणून सविस्तर उत्तर आले तर आनंदच होईल.

प्रतिसाद १

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही लक्षणांचे मूळ बहुधा एकच आहे. स्प्लिटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्लेअरकडून पडद्याकडे जाणारे चित्र येते. पण एचडीएमआयच्या केबलमधून पडद्याकडून प्लेअरकडेही माहिती जात असते, आणि तुमचा प्रश्न त्या उलट्या वाटेवरचा आहे.

प्रत्येक टीव्ही आणि प्रोजेक्टर आपली क्षमता एका छोट्या नोंदीत साठवून ठेवतो. कोणती रिझोल्यूशन चालतात, सेकंदाला किती फ्रेम चालतात, एचडीआर समजते का, आवाजाचे कोणते प्रकार ऐकवता येतात, हे सगळे त्या नोंदीत असते. तिला ईडीआयडी म्हणतात. ती १२८ बाइटच्या तुकड्यांत असते आणि घरगुती टीव्हीत साधारणपणे असे निदान दोन तुकडे असतात. केबल जोडताच प्लेअर ही नोंद वाचतो आणि त्यात बसेल असेच चित्र व आवाज पाठवतो. आता प्लेअरला मुळात एकाच पडद्याशी बोलता येते. स्प्लिटरमागे दोन पडदे आहेत हे त्याला चित्र ठरवताना कळत नाही. त्याच्या दृष्टीने स्प्लिटर हाच पडदा असतो. म्हणून स्प्लिटरलाच ठरवावे लागते की प्लेअरला कोणती नोंद दाखवायची. बहुतेक साधे स्प्लिटर दोन्ही पडद्यांच्या नोंदी वाचून जे दोघांनाही जमते तेवढेच पुढे करतात. तुमच्याकडे प्रोजेक्टरला १०८०पी, साधे रंग आणि स्टिरिओ एवढेच जमते, त्यामुळे तेवढेच टीव्हीलाही मिळते. स्प्लिटर बिघडलेला नाही. दोन्हीकडे चित्र दिसेल याची काळजी तो घेतो आहे, पण त्याची किंमत चांगल्या पडद्याला मोजावी लागते.

चित्र काळे होण्याचेही कारण तेच. केबलमधली १९ क्रमांकाची पिन पडदा जोडला गेल्याची खूण प्लेअरपर्यंत नेते. अनेक पडदे चालू होताना ही खूण क्षणभर काढून पुन्हा देतात. मग स्प्लिटर नोंदी नव्याने वाचतो, प्लेअरला बदल झाल्याचे कळवतो, आणि सगळी जुळवणी पहिल्यापासून होते. तेवढा वेळ दोन्ही पडदे काळे राहतात.

याची खात्री करणे सोपे आहे. प्रोजेक्टरकडे जाणारी केबल स्प्लिटरमधून काढा. केवळ प्रोजेक्टर बंद करून भागणार नाही, कारण पडद्यातल्या त्या नोंदीच्या चिपला समोरून येणाऱ्या ५ व्होल्टवर वीज मिळू शकते आणि पडदा बंद असतानाही ती बहुधा वाचता येते. केबल काढल्यावर टीव्हीवर ४के आणि एचडीआर परत आले, तर वर सांगितलेलेच कारण आहे. परत आले नाही, तर मात्र स्प्लिटरच्या कुवतीबद्दल शंका घ्यावी. खोक्यावरच्या ४के या शब्दाने फारसे काही सिद्ध होत नाही. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्येही ४के होते, पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच, कारण तिथे सेकंदाला १०.२ गिगाबिट एवढाच प्रवाह मावतो. पूर्ण रंगांचे, ८ बिटचे, ६० फ्रेमचे ४के चित्र १७.८२ गिगाबिट घेते. त्यासाठी २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीतला १८ गिगाबिटचा मार्ग लागतो. एचडीआरची माहिती सोबत पाठवण्याची सोय तर २०१५ च्या २.०ए मध्ये झाली. म्हणून स्प्लिटर निवडताना १८ गिगाबिट आणि एचडीआर हे दोन्ही उल्लेख स्पष्टपणे शोधावेत.

स्प्लिटरच्या बाजूला छोटी बटणे किंवा सरकत्या कळा आहेत का, तेही पाहा. असल्यास त्यांनी कोणत्या पडद्याची नोंद प्लेअरला दाखवायची हे आपल्याला ठरवता येते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. एक इशारा मात्र आवर्जून द्यावासा वाटतो. कळ सरकवून पहिल्या पडद्याची नोंद दाखवायला सांगितले की प्लेअर ४के एचडीआर पाठवू लागतो हे खरे, पण साधा स्प्लिटर तेच चित्र जसेच्या तसे प्रोजेक्टरकडेही ढकलतो. प्रोजेक्टरला ते उलगडता येत नाही, त्यामुळे तिथे काहीच दिसणार नाही. दोन्हीकडे आपापल्या क्षमतेचे चित्र हवे असेल, तर एका आउटपुटवर ४के चे १०८०पी करून देणारा, म्हणजे स्केलर असलेला स्प्लिटर लागतो.

स्केलरमध्येही एक बारकावा आहे. रिझोल्यूशन कमी करणे आणि एचडीआरचे रंग साध्या रंगांत बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि अनेक स्वस्त स्प्लिटर फक्त पहिले करतात. मग प्रोजेक्टरवर चित्र येते, पण फिकट, धुतल्यासारखे दिसते. माणसांचे चेहरे राखाडी वाटतात. डॉल्बी व्हिजनच्या बाबतीत हे आणखी अवघड होते, म्हणून दोन्ही पडदे एकदम चालवताना प्लेअरच्या सेटिंगमध्ये डॉल्बी व्हिजन बंद ठेवणे बरे.

आवाजासाठी माझा सल्ला वेगळ्या दिशेचा आहे. पुढेमागे साउंडबारऐवजी एव्ही रिसीव्हर (चित्र पुढे पाठवून आवाज स्वतः स्पीकरना देणारे उपकरण) घेण्याचा विचार असेल, तर प्लेअर आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हरचा आउटपुट स्प्लिटरला, या क्रमाने जोडावे. रिसीव्हर प्लेअरला चित्राची क्षमता पुढच्या पडद्यांची सांगतो, पण आवाजाची क्षमता स्वतःची सांगतो, त्यामुळे स्प्लिटरमागे कितीही साधा पडदा असला तरी ५.१ आवाज शाबूत राहतो. काही रिसीव्हरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात आणि अनेकांना वाटते की त्यामुळे हा सगळाच प्रश्न सुटतो. तसे होत नाही. दोन्ही आउटपुट एकाच वेळी चालू केले की बहुतेक रिसीव्हरही दोघांना जमेल त्याच रिझोल्यूशनवर उतरतात. त्यांचा खरा उपयोग आळीपाळीने वापरणाऱ्यांना: रिमोटवरून आज टीव्ही, उद्या प्रोजेक्टर असे निवडले की त्या वेळी फक्त त्याच पडद्याची नोंद विचारात घेतली जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. केबल काढून पाहिली आणि टीव्हीवर ४के व एचडीआर लगेच परत आले, त्यामुळे कारण स्पष्ट झाले. स्प्लिटरला कळही सापडली. पहिल्या पडद्याची नोंद निवडल्यावर टीव्ही उत्तम चालतो आणि प्रोजेक्टर कोरा राहतो, अगदी वर लिहिल्याप्रमाणे.

याच प्रयत्नात एक नवीन गोष्ट दिसली. प्लेअरमध्ये हाताने १०८०पी आणि साधे रंग निवडून दोन्ही पडदे चालू केले, तेव्हा मेनू दोन्हीकडे व्यवस्थित दिसला, सेट-टॉप बॉक्सही दोन्हीकडे चालला. मग प्लेअर पुन्हा ४के वर नेऊन, ओळखीच्यांकडून मागून आणलेला स्केलरवाला स्प्लिटर लावला. मेनू दोन्हीकडे आला, पण चित्रपट सुरू करताच प्रोजेक्टर काळा पडला आणि एकदा तर टीव्हीवर हे उपकरण या मजकुराला चालत नाही अशा अर्थाची सूचना आली. हाही ईडीआयडीचाच प्रकार आहे का? तसेच १५ मीटरच्या केबलबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

हा ईडीआयडीचा प्रकार नाही, एचडीसीपीचा आहे. मेनू दिसणे आणि चित्रपट सुरू होताच पडदा काळा होणे हे त्याचे नेहमीचे लक्षण.

एचडीसीपी ही इंटेलने विकसित केलेली संरक्षण पद्धत आहे. प्लेअर चित्र कुलूपबंद करून पाठवतो आणि पुढच्या उपकरणाकडे मान्य असलेली किल्ली आहे की नाही हे आधी तपासतो. स्प्लिटर मध्ये आला की तो पुनर्प्रसारक ठरतो आणि त्याच्यामागे जोडलेल्या प्रत्येक पडद्याची ओळख त्याला प्लेअरला द्यावी लागते. म्हणजे ईडीआयडीच्या बाबतीत प्लेअरपासून दुसरा पडदा लपवता येतो, पण इथे मात्र लपवता येत नाही. जुन्या उपकरणांत एचडीसीपीची १.४ किंवा त्याआधीची आवृत्ती असते (एचडीएमआय १.४ ही वेगळी गोष्ट). ४के चित्रपटांसाठी २.२ लागते. २.२ मध्ये मजकुराचे दोन प्रकार केलेले आहेत. एक प्रकार जुन्या आवृत्तीच्या पडद्यांकडे जाऊ शकतो. दुसरा, ज्यात ४के चित्रपट बहुधा मोडतात, तो जुन्या आवृत्तीच्या उपकरणाकडे पाठवायला नियमानेच मनाई आहे, मग स्केलरने त्याचे १०८०पी केलेले असले तरीही. तुमचा प्रोजेक्टर जुना असल्यामुळे त्यात २.२ नसण्याचीच शक्यता अधिक. माहितीपुस्तिकेत इनपुटच्या तपशिलात हे लिहिलेले असते, ते पाहून घ्यावे.

प्लेअर अशा वेळी काय करतो हे प्लेअरवर आणि ॲपवर अवलंबून असते. कोणी गुपचूप कमी दर्जाचे चित्र पाठवतो, कोणी पडदा काळा ठेवतो, कोणी सूचना दाखवतो. सेट-टॉप बॉक्सचे चित्र मात्र तुमच्याकडे दोन्ही ठिकाणी चालते आहे, याचा अर्थ त्याला जुनी आवृत्ती पुरते.

बाजारात काही स्प्लिटर हे संरक्षण सरळ काढून टाकतात आणि अनेक ठिकाणी तेच उपाय म्हणून सुचवले जातात. मी ते सुचवणार नाही. अनेक देशांच्या कायद्यात ते बसत नाही, आणि व्यवहारातही प्लेअरचे सॉफ्टवेअर बदलले की अशी जोडणी एखाद्या दिवशी अचानक बंद पडू शकते; मग बिघाड कुठे आहे हे शोधणेही कठीण जाते. प्रोजेक्टर हा या साखळीतला सर्वांत जुना दुवा आहे आणि तो बदलेपर्यंत ४के चित्रपट दोन्हीकडे एकाच प्लेअरवरून पाहण्याचा सरळ मार्ग नाही, हे मान्य करूनच पुढची आखणी करावी.

प्रतिसाद ४

केबलबद्दल लिहितो, कारण ही जागा अशी आहे की जिथे चुकीची वस्तू एकदा भिंतीत गेली की पुन्हा काढणे जिवावर येते.

तांब्याची साधी एचडीएमआय केबल १०८०पी चित्र बऱ्यापैकी लांब नेऊ शकते, पण १८ गिगाबिटच्या प्रवाहाला काही मीटरनंतर ती कमी पडू लागते. १५ मीटर तर तिच्या आवाक्याबाहेरच समजावेत. कमी पडू लागल्याची खूण म्हणजे चित्रात चमकणारे ठिपके आणि मधूनच येणारा काळा पडदा. तुमच्या बाबतीत सुदैवाने लांबच्या टोकाला १०८०पीच हवे आहे. ६० फ्रेमच्या १०८०पी चित्राचा प्रवाह सुमारे ४.४६ गिगाबिट असतो, म्हणजे ४के ६० च्या पाव हिस्सा. त्यामुळे आता चालते आहे ते योगायोगाने नव्हे. मात्र भिंतीत कायमचे काही घालायचे असेल तर पुढच्या प्रोजेक्टरचा विचार आजच केलेला बरा.

दोन मार्ग आहेत. पहिला, ऑप्टिकल एचडीएमआय केबल. तिच्या आत काचेचे तंतू आणि दोन्ही टोकांना छोटी इलेक्ट्रॉनिक्स असते, त्यामुळे १५ मीटरच काय, त्याहून बरेच लांबही ४के सहज जाते. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असे लिहिलेले असते आणि उलटी घातली तर चित्र येतच नाही. भिंतीत ओढण्यापूर्वी ती दोन्ही उपकरणांना जोडून नीट चालवून पाहावी. तिचे डोके मोठे असते, त्यामुळे अरुंद पाइपातून ते जाईल का हेही आधी मोजावे, आणि वळणावर ती करकचून दुमडू नये.

दुसरा मार्ग म्हणजे नेटवर्कची कॅट ६ केबल आणि तिच्या दोन टोकांना एचडीबेसटी एक्स्टेंडरची, म्हणजे एचडीएमआयचे चित्र त्या केबलमधून लांब नेणाऱ्या उपकरणांची जोडी. ही पद्धत २०१० पासून आहे आणि १०८०पी चित्र १०० मीटरपर्यंत नेते. केबल बारीक असते, पाइपातून सहज जाते, टोकाचे कनेक्टर नंतर बसवता येतात, आणि अनेक जोड्यांत रिमोटच्या इन्फ्रारेड इशाऱ्यांसाठी परतीची वाटही असते. आतल्या खोलीत बसून बाहेरचा सेट-टॉप बॉक्स बदलायचा असेल तर ती वाट फार उपयोगी पडते. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल इथे दगा देते. ही केबल एका एक्स्टेंडरपासून दुसऱ्यापर्यंत सलग असावी, मध्ये राउटर किंवा नेटवर्क स्विच येऊ नये, कारण आकार तोच असला तरी एचडीबेसटी म्हणजे इथरनेट नव्हे. नेटवर्कवरूनच चित्र पाठवणारे एक्स्टेंडर वेगळे असतात. ते स्विचमधून चालतात, पण चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवत असल्यामुळे थोडा उशीर लागतो आणि दोन्ही खोल्यांची दारे उघडी असतील तर आवाज एकामागून एक ऐकू येतो.

स्प्लिटरला वीज मात्र त्याच्या स्वतःच्या ॲडॅप्टरवरूनच द्यावी. टीव्हीच्या यूएसबीवरून दिली तर टीव्ही बंद होताच प्रोजेक्टरचे चित्रही जाते.

प्रतिसाद ५

पूर्ण चर्चा वाचल्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो: नेमके काय एकाच वेळी दोन्ही पडद्यांवर दिसायला हवे आहे? तुमच्या पहिल्याच परिच्छेदात याचे उत्तर आहे. सामना दोन्हीकडे हवा. चित्रपट एका वेळी एकाच ठिकाणी. मग स्प्लिटर फक्त सेट-टॉप बॉक्सपुरता का ठेवू नये? त्याच्या चित्राला स्प्लिटरमुळे फारसे काही गमवावे लागत नाही, आणि १०८०पी चित्र टीव्ही स्वतः मोठे करून चांगले दाखवतो. स्ट्रीमिंग प्लेअर थेट टीव्हीला जोडावा, म्हणजे ४के, डॉल्बी व्हिजन आणि ५.१ आवाज काहीही न हरवता मिळेल. प्रोजेक्टरला दुसरा साधा १०८०पी स्ट्रीमिंग प्लेअर लावावा. तो थेट प्रोजेक्टरची नोंद वाचेल, १०८०पी आणि साध्या रंगांचेच चित्र मागवेल, आणि त्या चित्राला जुनी एचडीसीपी सहसा पुरते.

दुसरा प्लेअर हा काही जणांना पराभव वाटतो, कारण एकच उपकरण सगळीकडे पुरवण्यात एक नीटनेटकेपणा असतो. पण चांगला स्केलर स्प्लिटर, ज्यात एचडीआरचे रंगही बदलले जातात, तो अशा प्लेअरहून बहुधा महाग पडतो आणि तुमच्या प्रोजेक्टरपुढे तोही हतबल आहे. फक्त तुमच्या सदस्यत्वात एका वेळी किती पडद्यांना परवानगी आहे ते पाहून घ्या.

प्रश्नकर्ता

माहितीपुस्तिका शोधून पाहिली. प्रोजेक्टरमध्ये एचडीसीपी १.४ आहे, त्यामुळे प्रतिसाद ३ मधला अंदाज बरोबर ठरला. शेवटचा सल्ला घरात सगळ्यांनाच पटला आहे. आहे तोच स्प्लिटर आता सेट-टॉप बॉक्सला लावला आहे आणि नोंद दोन्ही पडद्यांना जमेल ती ठेवली आहे. बॉक्समध्ये १०८०पी कायमचे निवडले आहे, आणि प्रोजेक्टर चालू होताना टीव्हीवर येणारा काळा क्षण त्याने बराच कमी झाला. प्लेअर थेट टीव्हीला जोडला.

प्रोजेक्टरला दोन एचडीएमआय इनपुट आहेत. एकात नवीन छोटा प्लेअर जाईल आणि दुसऱ्यात एक्स्टेंडरचे टोक. भिंतीतला पाइप अरुंद आहे, म्हणून ऑप्टिकल केबलचा विचार सोडून कॅट ६ निवडतो आहे. पाइपात जागा उरली तर तीच केबल आणखी एक ओढून ठेवीन, म्हणजे पहिलीला काही झाले तर भिंत उघडावी लागणार नाही. एक्स्टेंडर घेताना इन्फ्रारेडची परतीची वाट आहे की नाही हे पाहीन, कारण बॉक्सचा रिमोट त्याच प्रकारचा आहे.

प्रतिसाद ४

योग्य निवड. जादा केबल ओढताना दोन्ही टोकांना निरनिराळ्या खुणा करून ठेवा, आणि एक्स्टेंडरची जोडी भिंतीत जोडण्यापूर्वी एका टेबलावर लहान केबलने चालवून पाहा. मग पुढे काही अडले तर दोष लांब केबलचा की उपकरणाचा, हे लगेच ठरवता येईल.